फिरायला तयार नसलेलं स्टर्लिंग इंजिन : एका घरगुती प्रोजेक्टचा जमाखर्च

प्रकरण एका इंजिनाचं आहे. माझा भाचा कोल्हापुरात डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, त्याने प्रोजेक्टसाठी हॉट एअर इंजिन घेतलं, गामा टाइपचं, म्हणजे दोन वेगळे सिलिंडर असलेलं स्टर्लिंग. काम बघत राहावं असं, बरंचसं घरच्या छोट्या लेथवर स्वतः केलेलं आणि जे तिथे जमलं नाही ते शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन केलेलं. सगळं जागच्या जागी, पितळ चकचकीत, फक्त ते फिरत नव्हतं. हाताने झटका दिला की दोन-तीन फेरे मारायचं आणि थांबायचं. स्पिरिटचा दिवा लावला तरी तेच, मग गॅसचा टॉर्च आणून हॉट एंड लालसर होईपर्यंत तापवला तरी तेच. सबमिशन जवळ आलेलं आणि त्याचं मत पक्कं झालेलं की उष्णता कमी पडतेय, आता अजून मोठा बर्नर पाहिजे. "मामा, तुमच्याकडं मोठा टॉर्च आहे न्हवं?" असा फोन आला तिथून हे सुरू झालं.

मी टूलरूममधला माणूस, हॉट एअर इंजिनांचा नाद नंतर लागलेला. टॉर्च दिला नाही, म्हटलं इंजिन घेऊन ये आणि सोबत किचनमधला डिजिटल वजनकाटा पण आण. आई ओरडेल म्हणाला, पण आणला.

ज्यांनी हे इंजिन बघितलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आतली हवा तीच ती, बाहेर जात नाही आणि आत काही जळत नाही. डिस्प्लेसर म्हणजे एका नळीत सैल बसलेला पोकळ डबा, तो मागेपुढे झाला की हवा कधी तापलेल्या टोकाकडे ढकलली जाते आणि कधी थंड टोकाकडे. हवा तापली की दाब वाढतो, थंड झाली की कमी होतो, आणि तो चढउतार शेजारच्या छोट्या सिलिंडरमधला पॉवर पिस्टन खातो. डिस्प्लेसर पिस्टनच्या पाव फेरी पुढे चालतो. संपलं इंजिन. व्हॉल्व्ह नाही, स्पार्क नाही, कार्बोरेटर नाही, म्हणून लोकांना वाटतं की सोपं आहे. पेट्रोल इंजिनात चुकांना माफी असते कारण स्फोटाचा दाब इतका असतो की थोडं घर्षण, थोडी गळती सहज पचते. इथे आतला दाब वातावरणाच्या आसपास पंधरा-वीस टक्के खालीवर होतो, बस.

आता त्याची मापं. डिस्प्लेसरचा सिलिंडर एमएस म्हणजे माइल्ड स्टीलच्या सीमलेस पाइपमधून, आतून २७ मिमी, भिंत अडीच मिमी. डिस्प्लेसर अॅल्युमिनियमचा, बाहेरून २५, भिंत दीड मिमी, लांबी ६०, स्ट्रोक २०. पॉवर सिलिंडर पितळेचा, बोअर २० आणि स्ट्रोक २०, पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि त्यावर दोन ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबराची कडी. दोन्ही सिलिंडरना जोडणारी ६ मिमी बोअरची, साधारण १०० मिमी लांबीची नळी, छान वळण देऊन नेलेली. कोल्ड एंडला अॅल्युमिनियमच्या फिन्स, त्या पण पॉलिश केलेल्या. फ्लायव्हीलला दोन्ही बाजूंनी रबर सील असलेल्या दोन बेअरिंग.

हिशोब केला तर डिस्प्लेसर एका स्ट्रोकला ९.८ सीसी हवा सरकवतो आणि पॉवर पिस्टन ६.३ सीसी खातो, म्हणजे दीडास एक. ज्योतीवर चालणाऱ्या मॉडेलसाठी हे प्रमाण बरोबर आहे. फेज, म्हणजे डिस्प्लेसरची ती पाव फेरीची आघाडी, ९० अंश, तेही बरोबर. ह्या फेजवर त्याने लई वेळ घालवला होता, ८५ करून बघ, ९५ करून बघ, कारण जो तो आधी तेच सांगतो. अरे फेज ८० अंश असली तरी साइनच्या हिशोबाने दीड टक्क्याचा फरक पडतो, दीड टक्क्याने बंद इंजिन चालू होत नसतं! मग कुणीतरी फ्लायव्हील जड कर म्हणून सांगितलं, ते पण केलेलं. जड फ्लायव्हील शक्ती तयार करत नाही, फक्त साठवते, आणि साठवायला आधी काहीतरी उरलं पाहिजे.

तर काहीच खोलायच्या आधी आम्ही कागद घेतला आणि एका फेरीचा जमाखर्च मांडायला बसलो, ज्यूलमध्ये. किराणा दुकानदार वही लिहितो तसा, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. माझं म्हणणं एवढंच होतं की हे इंजिन एका फेरीला जे कमावतं ते ज्यूलच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं, आणि एवढ्याशा कमाईत कोण किती खातंय हे न मोजता बर्नर मोठा करणं म्हणजे आंधळा कारभार.

जमा बाजूसाठी दोन तापमानं लागतात. हॉट एंडची हवा मी अंदाजे ३०० अंश सेल्सिअस धरली. बाहेरचं लोखंड लाल असलं तरी आतली हवा तेवढी तापत नाही, एका फेरीत तिला वेळच किती मिळतो. कोल्ड एंड? भाचा म्हणाला साठ अंश, आयआर गनने मोजलंय. इथे मला शंका आली कारण फिन्सवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडत होता. आयआर गन चकचकीत धातूवर खोटं बोलते. पॉलिश अॅल्युमिनियम स्वतःचं इन्फ्रारेड फार कमी सोडतं, गनला जे दिसतं त्यात समोरच्या भिंतीचं आणि तुमच्या हाताचं प्रतिबिंबच जास्त असतं. फिनवर काळ्या मार्करचा जाड ठिपका दिला आणि मल्टिमीटरचं के टाइप थर्मोकपल पण दाबून धरलं. दोन्हीकडे ११० च्या आसपास. म्हणजे ज्या टोकाला थंड म्हणायचं ते उकळत्या पाण्यापेक्षा गरम, आणि ह्या पोराला गेले कित्येक दिवस वाटतंय की थंड बाजू एकदम ओके आहे.

मग डेड व्हॉल्यूम, म्हणजे जी हवा कोणी सरकवत नाही आणि जी नुसतीच दाबाचा चढउतार मऊ करते ती. डिस्प्लेसरभोवतीची १ मिमीची फट जवळपास ५ सीसी, ती लांब नळी २.८ सीसी, दोन्ही टोकांना सोडलेली दोन-दोन मिमी जागा सव्वादोन सीसी. बेरीज १०. जेवढी हवा सरकते तेवढीच हवा बसून खाणारी. ती छान वळवलेली नळी दिसायला भारी होती पण तिचं दुसरं काही काम नव्हतं.

सगळं साध्या गॅस नियमात घातलं. डिस्प्लेसर एका टोकाला असताना प्रत्येक जागेचं व्हॉल्यूम भागिले तिथलं केल्विन तापमान, त्यांची बेरीज, मग डिस्प्लेसर दुसऱ्या टोकाला असताना तीच बेरीज, आणि दोन्हींचा भागाकार म्हणजे दाबाचं गुणोत्तर. ११० अंशाच्या कोल्ड एंडला उत्तर आलं १.१८. म्हणजे दाब १८ टक्के हलतो. फेज ९० असेल तर एका फेरीचं काम साधारण दाबातला फरक गुणिले पिस्टनचं व्हॉल्यूम गुणिले ०.७८. १८ हजार पास्कल, ६.३ सीसी, उत्तर ०.०९ ज्यूल. आणि हे जास्तीत जास्त येणारं उत्तर आहे, प्रत्यक्षात ह्याच्या निम्मं मिळालं तरी खुश राहायचं. कोल्ड एंड खरंच ४० अंशाला असता तर तेच इंजिन २८ टक्के आणि ०.१४ ज्यूल दाखवतं, म्हणजे सुरुवातीच्या मिनिटात त्याच्याकडे जास्त पैसे असतात आणि जसजसं तापतं तसतसं गरीब होत जातं. मोठा बर्नर लावून त्याने नेमकं हेच घाईने करून घेतलं होतं.

आता खर्च. इथे किचनचा वजनकाटा. कनेक्टिंग रॉड सोडवला, पॉवर सिलिंडर काट्यावर उभा केला, खालचं भोक उघडं राहील असा, काटा शून्य केला आणि पिस्टन बोटाने हळूहळू खाली ढकलला. सरकताना काटा ३०० ग्रॅमच्या आसपास दाखवत होता. ३०० ग्रॅम म्हणजे ३ न्यूटन. एका फेरीत पिस्टन २० मिमी खाली आणि २० मिमी वर, एकूण ०.०४ मीटर. तीन गुणिले ०.०४, बरोबर ०.१२ ज्यूल.

भाच्याने कागदाकडे बघितलं आणि गप्प झाला. जमा ०.०९, तेही कागदावरचं, आणि एकट्या दोन ओ-रिंगचा खर्च ०.१२. अजून बेअरिंग धरलेच नव्हते. त्यांच्यासाठी फ्लायव्हीलला दोरा गुंडाळला, खाली कागदाची पुडी आणि तिच्यात एकेक वॉशर टाकत गेलो, कधी फ्लायव्हील संथ फिरायला लागतं बघत. १२ ग्रॅमला फिरलं. फ्लायव्हीलची त्रिज्या ४० मिमी, हिशोब केला तर एका फेरीला ०.०३ ज्यूल. ते रबर सील आणि आतलं घट्ट ग्रीस पंपाच्या मोटारीसाठी असतात. एकूण खर्च ०.१५ आणि ग्लँडमधून, म्हणजे डिस्प्लेसरचा रॉड जिथून बाहेर येतो त्या घट्ट भोकातून जाणाऱ्या रॉडचं वेगळं. थंड असताना सुद्धा जमा ०.१४ च्या वर जात नाही. म्हणून दोन-तीन फेरे, तेही हाताने दिलेल्या झटक्याचे.

"पण मामा, ओ-रिंग काढली तर हवा गळणार की." प्रश्न बरोबर आहे. ओ-रिंग शंभर टक्के सील करते आणि त्याचे पैसे घर्षणात घेते. ह्या इंजिनाला शंभर टक्के सील नकोच आहे, त्याला फुकटात मिळणारं अठ्ठ्याण्णव टक्के सील पाहिजे. आणि ते नुसत्या बारीक फटीने मिळतं. बारीक फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे फट दुप्पट केली की गळती आठपट, आणि निम्मी केली की एक अष्टमांश. २० मिमी व्यासाच्या आणि तेवढ्याच लांबीच्या पिस्टनला एका बाजूची फट साडेसात मायक्रॉन ठेवली तर ह्या दाबाला सेकंदाला एक दशांश सीसीच्या आसपास हवा जाते, सेकंदाला सात फेऱ्या धरल्या तर ६.३ सीसीपुढे ती काहीच नाही. तीच फट १५ मायक्रॉन झाली तर सेकंदाला जवळपास एक सीसी, म्हणजे चालेल पण सुरुवातीच्या हळू फेऱ्यांना त्रास देईल. पिस्टनवर वेळ घालवायचा तो ह्यासाठी, दिसण्यासाठी नाही.

पिस्टनचं मटेरियल ग्रॅफाइट. ह्यासाठी कुठे ऑर्डर वगैरे द्यायची गरज नाही, ज्या टूलरूममध्ये ईडीएम (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं) मशीन आहे तिथे ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचे तुकडे भंगारात पडलेले असतात, गोड बोलून मागितले की मिळतात. लेथवर ते खडूसारखं सहज कापलं जातं पण धूळ फार होते आणि ती धूळ वीजवाहक असते, म्हणून मोटारीवर आणि स्विचवर ओलं फडकं टाकायचं, व्हॅक्यूम जवळ ठेवायचा आणि तोंडाला मास्क. पितळेचा सिलिंडर तोच ठेवला, फक्त उद्यमनगरात होन करून, म्हणजे आतून बारीक दगडाने घासून गुळगुळीत करून घेतला, जिथे ऑइल इंजिनाच्या लायनरचं काम चालतं तिथल्या माणसाला २० मिमीचं बोअर बघून हसू आलं पण त्याने करून दिलं. पिस्टन शेवटचे काही मायक्रॉन साध्या कोऱ्या कागदावर घासून आणला. परीक्षा सोपी आहे, सिलिंडर उभा धरायचा, खालचं भोक उघडं असताना पिस्टन स्वतःच्या वजनाने सुळकन खाली गेला पाहिजे आणि भोक अंगठ्याने बंद केलं की तो जागेवर थबकून अगदी हळूहळू उतरला पाहिजे. दोन्ही झालं तर पास.

आणि तेल लावायचं नाही. हात आपोआप तेलाच्या डबीकडे जातो, मला माहीत आहे, पण ग्रॅफाइट स्वतःच वंगण आहे आणि तेल त्या साडेसात मायक्रॉनच्या फटीत गेलं की चिकट पडदा तयार होतो, पिस्टन ओढायला लागतो. काही तेल सरकत हॉट एंडला पोचतं आणि तिथे जळून काजळी होते. पिस्टन कोरडा ठेवायचा म्हणजे कोरडाच.

बेअरिंगचे सील टाचणीने उचकटून काढले, पेट्रोलमध्ये धुतले आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. परत पुडीची परीक्षा, आता २ ग्रॅमला फिरलं, ०.००५ ज्यूल. नवीन पिस्टन काट्यावर २० ग्रॅम सुद्धा दाखवेना, म्हणजे ०.००८ च्या आत. दोन्ही मिळून खर्च ०.१५ वरून ०.०१३ वर, एक दशांशाच्याही खाली आला, आणि अजून हॉट एंडला हात पण लावला नव्हता. सायकल पंपाने थोडी हवा भरून साबणाचं पाणी लावलं तर नळीच्या आट्यांतून बुडबुडे येत होते, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि विषय संपला.

मग लावला दिवा, स्पिरिटचा. दिव्यावर काहीच नाही, नुसतं कोमट. टॉर्चवर मात्र इंजिन चाललं! भाच्याने व्हिडिओ पण काढला आणि प्रोजेक्ट झाला असं जाहीर करून टाकलं. मी म्हटलं थांब, बंद करू नको. थर्मोकपल कोल्ड एंडला लावून ठेवलेलं होतं. पन्नास अंशाला पळत होतं, सत्तरला जरा दमलं, नव्वदच्या पुढे फेऱ्या मोजता येतील एवढं हळू झालं आणि मग थांबलं. टॉर्च तसाच चालू होता. जास्त उष्णता दिली की इंजिन बंद पडतं, हे त्याने डोळ्यांनी बघितलं, त्यामुळे पुढचं समजावायला मला फार बोलावं लागलं नाही.

पुढचं म्हणजे त्या पाइपची भिंत. टॉर्चची उष्णता हवेला मिळण्याआधी लोखंडातून सरळ चालत कोल्ड एंडला जात होती. हिशोब शाळेतलाच आहे, वाहकता गुणिले भिंतीचं क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक भागिले लांबी. २.५ मिमी भिंतीचं क्षेत्रफळ साधारण २३० चौरस मिमी, गरम टोक आणि फ्लँजमधलं अंतर ४५ मिमी, फरक २९० अंश, माइल्ड स्टीलची वाहकता गरम असताना ४५ च्या आसपास धरली. उत्तर सुमारे ७० वॅट. इंजिन कमावणार पाव-अर्धा वॅट आणि नुसती भिंत ७० वॅट गळवतेय. स्पिरिटचा दिवा आम्ही काट्यावर तोलला होता, तासाला १५ ग्रॅम स्पिरिट जळत होतं, ग्रॅमला २५ किलोज्यूल धरले तर दिवा एकूण देतोच १०० वॅट आणि त्यातले कितीतरी बाजूने वर निघून जातात. म्हणजे दिव्याची सगळी कमाई ही एक भिंत गिळत होती. दिव्यावर इंजिन का चालत नाही ह्याचं उत्तर दिव्यात नव्हतंच.

एवढी जाड भिंत का घेतली विचारलं तर म्हणाला, "जळून भोक पडंल म्हणून." ही भीती वेडगळ नाही हं. रॉबर्ट स्टर्लिंगने १८१६ मध्ये पेटंट घेतलं, तो स्कॉटलंडमधला पाद्री, आणि त्याचा भाऊ जेम्स इंजिनियर. जेम्सने १८४३ मध्ये डंडीच्या फाउंड्रीतलं एक वाफेचं इंजिन हवेवर चालवायला बदललं, ते चाललंही बरं, पण सतत लाल तापणारी ओतीव लोखंडाची भांडी टिकत नव्हती, शेवटी काही वर्षांत तिथे परत वाफ आली. मटेरियल हरलं, कल्पना नाही. पण त्या इंजिनात हवा दाबाखाली भरलेली होती. आपल्या टेबलावरच्या इंजिनात बाहेर वातावरण आणि आत वातावरण, भिंतीवर ताण असतोच किती. आणि आपल्याकडे स्टेनलेस आहे जे त्यांच्याकडे नव्हतं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची वाहकता १६ च्या आसपास, माइल्ड स्टीलच्या एक तृतीयांश, आणि लाल तापलं तरी लगेच खपल्या पडत नाहीत.

तर नवीन हॉट सिलिंडर. एक इंच एनबी (पाइपचं नावापुरतं माप) शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा वर्ग) ची ३०४ ची पाइप बाहेरून ३३.४ आणि आतून २६.६ येते. आतून साफ करून २६.८ ला आणली, आत लाकडाची घट्ट गुल्ली ठोकली आणि मग बाहेरून उतरवत उतरवत भिंत अर्ध्या मिमीवर आणली. गुल्ली नसेल तर पातळ भिंत टूलखाली थरथरते आणि पाइप वाया जाते. मागचं टोक ३०४ च्याच पातळ चकतीने बंद, टिग वेल्डिंगने, कारण सोल्डर १८३ अंशाला वितळतं आणि इपॉक्सी तर त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. त्या भिंतीतून आता जाणारी उष्णता काढली तर ५ वॅटच्या आत. सत्तरचे पाच.

डिस्प्लेसर पण बदलला. अॅल्युमिनियमचा डबा म्हणजे गरम टोकाची उष्णता थंड टोकाला पोचवणारी ये-जा. नवीन डिस्प्लेसर पडद्याच्या स्टेनलेस पाइपमधून, २५.४ मिमी, भिंत ०.६, लांबी ६५, हार्डवेअरच्या दुकानात असे तुकडे उरलेले असतात. दोन्ही टोकं पूर्ण बंद पाहिजेत, बारीकसं भोक राहिलं तर डब्यातली हवा पण डेड व्हॉल्यूममध्ये मोजायची. लांबी स्ट्रोकच्या तिप्पट ठेवली की गरम आणि थंड हवा एकमेकांपासून पुरेशी लांब राहते. भोवतीची फट ०.७ मिमी झाली. ह्या फटीतून जाता-येता हवा भिंतीला उष्णता देते आणि परतताना तीच घेते, म्हणजे स्टर्लिंगच्या १८१६ च्या पेटंटमधला जो इकॉनॉमायझर तो छोट्या इंजिनात ही फटच थोड्या प्रमाणात करते, वेगळी जाळी कोंबायची गरज नाही. जाळी घातली की हवेला अडथळा होतो आणि एवढ्या लहान इंजिनाला तो परवडत नाही.

लांब नळी काढून दोन्ही सिलिंडर एकाच ब्लॉकवर आणले, मधला रस्ता ३ मिमीचं २५ मिमी लांब भोक. टोकांची मोकळी जागा एक-एक मिमी. डेड व्हॉल्यूम १० वरून ५ सीसी. फ्लँजमध्ये गाड्यांच्या दुकानात मिळणारी पॅकिंग शीट घातली म्हणजे धातूला धातू लागत नाही, आणि बोल्टच्या वॉशरखाली पण तीच, नाहीतर उष्णता बोल्टमधून मागच्या दाराने जाते. फिन्सच्या जागी पाण्याचं जॅकेट, दीडशे मिली पाणी मावेल एवढं.

परत जमाखर्च. हॉट ३२०, कोल्ड ४५, दाबाचं गुणोत्तर १.३९, एका फेरीचं कागदावरचं काम ०.१९ ज्यूल. आधी ०.०९ जमा आणि ०.१५ खर्च होता.

साध्या स्पिरिटच्या दिव्यावर दोनेक मिनिटांत बोटाच्या हलक्या धक्क्याने सुरू झालं. मोकळं ७०० आरपीएमच्या आसपास, फोनच्या स्लो मोशनवर फ्लायव्हीलवरची खूण मोजून. मग फ्लायव्हीलवर दोरा घेऊन एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला मासेवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा छोटा काटा, दोन्हींतला फरक १५ ग्रॅम असताना ४२० आरपीएम टिकत होते. हिशोबाने पाव वॅटच्या थोडं वर. ह्यासाठी एक ढोबळ सूत्र आहे, वेस्टचं, सरासरी दाब गुणिले पिस्टनचं व्हॉल्यूम गुणिले सेकंदाला फेऱ्या, गुणिले दोन तापमानांचा फरक भागिले बेरीज, गुणिले ०.२५. त्यातून ०.३३ वॅट येतात. घरी बनवलेल्या इंजिनाने सूत्राच्या पाऊण हिश्शापर्यंत जाणं मला तरी उत्तम वाटलं. भाचा मात्र हिरमुसला कारण १०० वॅटच्या दिव्यातून पाव वॅट म्हणजे पाव टक्का. त्याला सांगितलं की वीज नव्हती तेव्हा आपल्या देशात रॉकेलच्या दिव्यावर चालणारे हॉट एअर पंखे विकले जायचे, घरात बसून लोक त्यांची हवा खायचे, तेही काही फार कार्यक्षम नव्हते. ते त्याने लगेच रिपोर्टच्या प्रस्तावनेत टाकलं.

रिपोर्टमध्ये मी एकच हट्ट धरला, की जुना पिस्टन, जुना पाइप आणि ३०० ग्रॅमचा तो आकडा पण टाकायचा, नुसतं चालणारं इंजिन नाही. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी म्हणे सगळ्यात जास्त प्रश्न त्या वजनकाट्यावरच विचारले.

राहिलेल्या गोष्टी दोन. इंजिन आडवं असल्यामुळे डिस्प्लेसर रॉडच्या टोकाला लोंबतो आणि खालच्या भिंतीला किंचित घासतो, कान लावला की खर्र ऐकू येतं. रॉड ३ मिमीचा आणि ग्लँडचा बुश १२ मिमी लांब, तो २० ला न्यायला हवा, फट दोन शतांश मिमीच्या आत ठेवून. आणि जॅकेटमधलं पाणी वीस-बावीस मिनिटांत साठ अंशाला जातं, मग आरपीएम उतरायला लागतात. सध्या तो वाटीने गरम पाणी काढतो आणि माठातलं ओततो. जॅकेटच्या वर अर्ध्या लिटरची टाकी आणि दोन नळ्या बसवल्या तर गरम पाणी आपोआप वर जाऊन थंड खाली येईल, पंप लागणार नाही. टाकीसाठी त्याने स्टीलचा डबा घरातून उचललाय, काट्यासारखाच न विचारता.